हॅश, स्टार आणि रिकामी ओळ: साध्या मजकुराचं वेबपान कसं होतं

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर शब्दाच्या दोन्ही अंगांना स्टार दिला की तो ठळक होतो, हे आता आमच्याकडे पोलीस पाटलापासून अंगणवाडी ताईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. *उद्या सकाळी ९ वाजता* तुरीच्या बियाण्याचं वाटप, _सातबारा सोबत आणा_, असं लिहायचं आणि पाठवून द्यायचं. ही सोय २०१६ साली आली. कोणी वर्ग घेतले नाहीत, तरी ती गावोगाव पोचली. म्हणजे या लेखातला अर्धा विषय वाचकाला आधीच येतो. उरला तो एवढाच, की असा खुणा टाकलेला साधा मजकूर नीटनेटक्या वेबपानात बदलतो कसा, आणि मराठी मजकूर बदलताना नेमका कुठे अडतो.

वेबपान म्हणजे शेवटी मजकूरच. त्यातला प्रत्येक तुकडा काय आहे, मथळा की परिच्छेद की यादी, हे सांगणाऱ्या खुणा त्यात असतात. त्या खुणा म्हणजे टॅग आणि त्यांची भाषा म्हणजे एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत ती तयार केली आणि १९९१ साली पहिलं संकेतस्थळ जगासमोर आलं. टॅगची नावं इथे उच्चारावरून लिहितो. मुख्य मथळा 'एच वन', पोटमथळा 'एच टू', परिच्छेद 'पी', ठिपक्यांची यादी 'यूएल', आकड्यांची यादी 'ओएल', यादीतली एकेक बाब 'एलआय', महत्त्वाचा मजकूर 'स्ट्राँग' आणि जोर देऊन म्हणायचा शब्द 'ईएम'. रोजच्या सूचनांचं काम एवढ्यात भागतं.

हे टॅग हातानेही लिहिता येतात. पण प्रत्येक परिच्छेद उघडा, बंद करा, यादी उघडा, बाब उघडा, बाब बंद करा, असं करत बसलं तर सूचना लिहिणाऱ्याचं लक्ष सूचनेवर राहत नाही. म्हणून बहुतेक जण वर्डमध्ये टाईप करतात आणि 'वेब पेज' म्हणून सेव्ह करतात. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सूचनांचं पान मी सांभाळतो, तिथेही फायली अशाच येतात. त्यांच्या पोटात डोकावलं की जागोजागी फॉन्टचं नाव, अक्षराचा आकार, रंग, ओळींमधलं अंतर आणि 'एमएसओ नॉर्मल' हे नाव दिसतं. मजकूर चिमूटभर, पसारा टोपलंभर. आणि इतकं करून मथळा हा मथळा नसतोच, कारण टाईप करणाऱ्याने साधा परिच्छेद घेऊन त्याची अक्षरं मोठी आणि ठळक केलेली असतात. डोळ्याला तो मथळा दिसतो. दृष्टिहीन माणसाच्या फोनवर पान वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकला मात्र तो कळत नाही, त्यामुळे मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारायची त्याची सोय जाते.

दुसरी सवय सूचनेचा फोटो टाकायची. ती तर त्याहून वाईट. फोटोतलं अक्षर शोधता येत नाही, टॉकबॅकला सरळ वाचता येत नाही, चष्मा घरी विसरलेल्या आजोबांसाठी मोठं करावं तर ते पडद्याबाहेर पळतं. युनिकोडमधलं एक देवनागरी अक्षर किंवा मात्रा साठवायला ३ बाइट लागतात, त्यामुळे ३०० शब्दांची सूचना साधारण पाच-सहा किलोबाइटांत बसते. मोबाइलने काढलेला त्याच सूचनेचा फोटो सहज काहीशे पट जड होतो. वावरात रेंजची एकच कांडी असते तेव्हा हा फरक जाणवतो.

मधला रस्ता म्हणजे मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली हा प्रकार लोकांपुढे ठेवला. त्याची घडण ठरवताना त्यांना आरन स्वार्ट्झ यांची मदत झाली होती. कल्पना साधी होती. साध्या ईमेलमध्ये लोक आधीपासून शब्दाभोवती स्टार टाकत होते, ओळीच्या सुरुवातीला डॅश देऊन याद्या करत होते. त्याच सवयींचे नियम केले आणि त्या नियमांनी लिहिलेल्या मजकुराचं एचटीएमएल करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे कन्व्हर्टर, जोडून दिला. खुणांसकट मजकूर माणसालाही सहज वाचता यावा, हा मूळ हट्ट.

एक सूचना अशी लिहिली:

# गुलाबी बोंडअळी: या आठवड्याची सूचना

कपाशीत **हेक्टरी ५ कामगंध सापळे** लावा.

- सापळ्यातले पतंग रोज सकाळी मोजा
- सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले तर फवारणीचं ठरवा
- डोमकळ्या वेचून नष्ट करा

कन्व्हर्टरमधून गेल्यावर पहिल्या ओळीचा 'एच वन' होतो, दुसरीचा 'पी', त्यातल्या दोन-दोन स्टारांमधल्या मजकुराचा 'स्ट्राँग', आणि खालच्या तीन ओळींचा मिळून एक 'यूएल', त्यात तीन 'एलआय'. फॉन्ट नाही, रंग नाही. तेवढंच राहतं. इथे व्हॉट्सअ‍ॅपच्या सवयीला एक मुरड घालावी लागते. तिकडे एका स्टारने ठळक होतं. मार्कडाउनमध्ये एक स्टार म्हणजे 'ईएम', ठळकसाठी दोन लागतात.

आता कळीची गोष्ट. कन्व्हर्टर हा मजकूर आपल्यासारखा वरून खाली एका दमात वाचत नाही. तो दोन फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत तो फक्त ओळींच्या सुरुवाती आणि रिकाम्या ओळी बघतो आणि ठरवतो, की हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक तुकड्याच्या आत शिरून स्टार, लिंक वगैरे सोडवतो. वावरात आधी धुरे पाडायचे आणि मगच तास काढायचे, तसंच. तास धुरा ओलांडून पलीकडे जात नाही. म्हणून एका परिच्छेदात उघडलेले दोन स्टार पुढच्या परिच्छेदात बंद केले तर काहीच ठळक होत नाही, चारही स्टार पानावर तसेच चमकत राहतात. यादीच्या पहिल्या बाबीत उघडून तिसऱ्या बाबीत बंद केले तरी तेच. "भाऊ, हे स्टार काहून दिसून राह्यले?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या दोन फेऱ्यांत असतं.

पहिली फेरी ओळीच्या सुरुवातीवर चालते हे कळलं, की पुढचे बरेच घोटाळे आपोआप उलगडतात. पत्र लिहिताना परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घ्यायची, ही शाळेपासूनची शिस्त. मार्कडाउनमध्ये परिच्छेदाच्या आधी चार स्पेस किंवा एक टॅब दिला तर कन्व्हर्टरला वाटतं, हा संगणकाचा कोड आहे. मग तो परिच्छेद वेगळ्याच अक्षरात, करड्या चौकटीत, लांबच लांब एका ओळीत येतो आणि मोबाइलच्या पडद्याबाहेर जातो. नुसतं एंटर दाबून नवी ओळ घेतली तर ती मोजलीच जात नाही, दोन्ही ओळी जोडून एक परिच्छेद होतो. पत्त्याचे यात फार हाल होतात. 'मु. पो.' एका ओळीवर, 'ता.' दुसऱ्या, 'जि.' तिसऱ्या, असं मांडलेलं सगळं एका रांगेत येतं. ओव्या आणि अभंगांचंही तसंच. उपाय दोन आहेत, ओळीच्या शेवटी दोन स्पेस किंवा एक बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ. मी बॅकस्लॅशच्या बाजूचा आहे, कारण दोन स्पेस दिसत नाहीत, आणि न दिसणारी खूण दुसरा माणूस फाइल साफ करताना हमखास पुसतो.

सगळ्यात गमतीदार घोटाळा सहीखालच्या रेघेचा. सूचना संपली की 'आपला, सचिव' लिहून खाली डॅश-डॅश-डॅश करून रेघ ओढायची आपल्याकडे पद्धत आहे. मार्कडाउनमध्ये एखाद्या ओळीला खेटून खाली डॅशची ओळ आली, की वरची ओळ पोटमथळा होते. मग सूचना असते बोंडअळीची आणि पानावर मोठ्या अक्षरात झळकतो 'आपला, सचिव'. मध्ये एक रिकामी ओळ सोडली की झालं, डॅशची सरळ आडवी रेघ बनते.

रिकामी ओळ फुकट मिळते, ती हात राखून वापरू नये. यादीच्या आधी तर हवीच. काही कन्व्हर्टर परिच्छेदाला चिकटून आलेली यादी ओळखतात, काही ओळखत नाहीत. हा फरक का, याचं कारण इतिहासात आहे. ग्रुबर यांचं २००४ चं वर्णन वाचायला छान होतं, पण कोपऱ्याकोपऱ्यातल्या अडचणींत काय करायचं हे त्यात नव्हतं. जो तो आपल्या समजुतीने कन्व्हर्टर लिहीत गेला. हॅशनंतर स्पेस न देता लिहिलेली ओळ एकाकडे मथळा व्हायची, दुसऱ्याकडे तशीच राहायची. शेवटी २०१४ साली जॉन मॅकफार्लेन, जेफ अ‍ॅटवुड आणि इतरांनी मिळून कॉमनमार्क नावाचा काटेकोर नियमसंच मांडला. त्यात सहाशेहून अधिक उदाहरणं आहेत: हा मजकूर दिला तर हेच एचटीएमएल निघालं पाहिजे. कॉमनमार्कनुसार हॅशनंतर स्पेस लागतेच. आपल्या दृष्टीने ते बरंच झालं, कारण ओळीच्या सुरुवातीला '#कापूस' असा हॅशटॅग टाकणाऱ्यांची संख्या काही कमी नाही.

हे मॅकफार्लेन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. त्यांनीच २००६ साली पॅनडॉक हा कन्व्हर्टर आणला. तो मार्कडाउनचं एचटीएमएल करतो, आणि वर्डची फाइल उलटी मार्कडाउनमध्येही आणतो. मला त्याचा खरा उपयोग दुसऱ्या कामासाठीच होतो. सचिव वर्डमध्ये लिहितात, लिहू द्यावं. ती फाइल पॅनडॉकमधून मार्कडाउनमध्ये आणली की फॉन्ट-रंगाचा बराचसा कचरा गळून जातो, मग खोट्या मथळ्यांना हॅश लावायचे आणि पुन्हा एचटीएमएलकडे न्यायचं. फाइल श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फॉन्टमधली असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, कारण तसल्या फाइलच्या आत देवनागरी नसतेच. आत भलतीच चिन्हं असतात आणि मराठी रूप त्यांना फक्त तो फॉन्ट देत असतो.

आतापर्यंतचे घोटाळे कोणत्याही भाषेत होतील. पुढचे खास आपले आहेत आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत ते सहसा सापडत नाहीत.

पहिला आकड्यांचा. '१. सातबारा', खाली '२. आधार कार्ड', खाली '३. बँकेचं पासबुक' अशी यादी केली. कॉमनमार्कमध्ये आकड्यांची यादी म्हणजे इंग्रजी अंकांचीच. देवनागरी १ हा त्याच्या लेखी साधं अक्षर. म्हणजे पहिल्या फेरीत यादी दिसतच नाही, तिन्ही ओळी एकमेकींत मिसळतात आणि '१. सातबारा २. आधार कार्ड ३. बँकेचं पासबुक' असा परिच्छेद तयार होतो. 'अ.' 'ब.' 'क.' चंही हेच. मग मूळ मजकुरात इंग्रजी अंक लिहायचे आणि दिसायला मात्र देवनागरी आणायचे. त्यासाठी पानाच्या सजावटीची जी वेगळी फाइल असते, सीएसएसची, तिच्यात यादीचा आकडा देवनागरी ठेवायची तयार सोय आहे. एका ओळीचं काम, सगळ्या याद्यांना लागू. इंग्रजी अंक वापरताना दर ओळीला एकच अंक लिहिला तरी चालतं, पहिला आकडा बघून पुढची मोजणी ब्राउझर करतो. मधली एक बाब काढली तर खालचे सगळे आकडे बदलत बसावं लागत नाही.

दुसरा प्रत्ययांचा. इंग्रजीत शब्द संपला की स्पेस येते नाहीतर विरामचिन्ह. आपले शब्द विभक्ती अंगावर घेऊन चालतात. 'हिंगणघाटला कापूस नेला' यात फक्त गावाचं नाव ठळक करायचं असेल तर **हिंगणघाट**ला असं लिहितो, आणि ते चालतं. पण स्टारऐवजी अंडरस्कोअर वापरून _हिंगणघाट_ला लिहिलं तर चालत नाही. अंडरस्कोअर फायलींच्या नावांत फार येतो, म्हणून शब्दाच्या मधोमध आला तर त्याला मोजायचं नाही असा नियम आहे, आणि 'हिंगणघाटला' हा कन्व्हर्टरच्या लेखी एकच शब्द. त्याहून अवघड जागा अवतरणचिन्हांची. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेबद्दल लिहिताना **'सीतादही'**च्या दिवशी असं टाईप केलं तर शब्द ठळक होत नाही, स्टार तसेच उघडे पडतात. कारण बंद करायच्या स्टारांच्या अलीकडे विरामचिन्ह आणि पलीकडे लगेच अक्षर आलं, तर ते स्टार 'बंद करणारे' मानायचे नाहीत असं नियम म्हणतो. नियम करताना डोळ्यासमोर स्पेस सोडून लिहिणाऱ्या भाषा होत्या. शब्दांत जागाच न सोडणारे जपानी आणि चिनी लेखकही इथेच ठेचकाळतात. स्टार अवतरणचिन्हांच्या आत घेतले, '**सीतादही**'च्या असं लिहिलं, की काम होतं. नाहीतर प्रत्ययही ठळकमध्ये घ्यावा. मला तेच बरं दिसतं, अर्धा शब्द ठळक अन् अर्धा पातळ कशाला?

तिसरा गुणाकाराचा. शेततळ्याचं माप कोणी '३०*३०*३ मीटर' असं लिहिलं, तर पहिला स्टार उघडणारा, दुसरा बंद करणारा, आणि पानावर येतं ३०३०३ मीटर, मधले तीस जरा तिरके. मग एखादा कास्तकार विचारेल, "बाप्पा, एवढं शेततळं कोनं खांदलं?" आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. स्टारच्या आधी बॅकस्लॅश टाकला की तो नुसता स्टार राहतो. गुणिलेचं खरं चिन्ह × वापरणं त्याहून चांगलं.

त्या तिरक्या अक्षरावरून एक मुद्दा निघतो आणि तो मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. इंग्रजी छपाईत जोर दाखवायला तिरकी अक्षरं वापरायची जुनी रीत आहे. देवनागरीत ती तितकी रुजली नाही, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये तिरकं रूप घडवलेलंच नसतं. मग ब्राउझर सरळ अक्षराला ढकलून तिरकं करतो. शिरोरेषा तुटक दिसते, मात्रा शेजारच्या अक्षरावर झुकतात. पण आपल्या कोडमध्ये 'तिरकं' हा शब्द कुठे आहे? तिथे 'ईएम' आहे, म्हणजे 'यावर जोर आहे'. तो जोर कसा दाखवायचा हे सीएसएसने ठरवायचं. तिथे एकदा लिहून टाकलं, की मराठी पानावर 'ईएम' म्हणजे सरळ अक्षर पण गडद तांबडा रंग, की जुन्या-नव्या सगळ्या पानांवर तसं होतं, एकाही सूचनेला हात न लावता. वर्डच्या फाइलमध्ये प्रत्येक शब्दावर 'तिरकं कर' असा हुकूम चिकटवलेला असतो, तिथे हे जमत नाही. मथळ्याला मथळा आणि जोराला जोर म्हणायचं, दिसण्याचं नंतर बघायचं, एवढ्यासाठीच स्वच्छ कोडचा अट्टहास.

कन्व्हर्टर बहुधा फक्त मजकुराचा भाग देतो, पूर्ण पान नाही. त्याच्या वरच्या चार ओळी आपण एकदाच लिहून ठेवायच्या. पानाची अक्षरपद्धती यूटीएफ-८ आहे, ही पहिली. ही नसेल तर मराठीच्या जागी चिन्हांचा काला दिसू शकतो. पानाची रुंदी फोनच्या रुंदीइतकी, ही दुसरी. ही विसरली तर मोबाइल ब्राउझर संगणकासाठी केलेलं पान समजून सगळं बारीक करून दाखवतो. पानाचं शीर्षक, तिसरी. आणि भाषा मराठी, ज्याचं ठरलेलं लघुरूप 'एमआर'. ही चौथी बहुतेक जण सोडतात. ती लिहिली की वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी आवाज निवडता येतो. शिवाय ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे, तिथे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे येतात. लिपी एकच असल्यामुळे भाषा कोणती हे पानाने सांगितल्याशिवाय फॉन्टला कळायला मार्ग नसतो.

मथळ्यांच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट. काही कन्व्हर्टर प्रत्येक मथळ्याला आपोआप एक नाव देतात, म्हणजे पानावरच्या त्या जागेची थेट लिंक पाठवता येते. ते नाव मथळ्यातल्या अक्षरांवरून बनवतात आणि बनवताना काही जण इंग्रजीखेरीज सगळी अक्षरं गाळतात. मराठी मथळ्यातलं सगळंच गळलं की हाती राहतो एक अंडरस्कोअर आणि एक अनुक्रमांक. मध्ये नवा मथळा घातला की अनुक्रमांक सरकतात आणि ग्रुपवर आधी पाठवलेली लिंक भलत्याच सूचनेवर जाऊन उघडते. लिंक टिकायला हवी असेल अशा मथळ्यांना नाव हाताने द्यावं.

मजकूर फक्त आपणच लिहिणार असू तर सुरक्षेची फार चिंता नाही. पण सभासदांना स्वतः माहिती भरायची सोय दिली तर थांबून विचार करावा लागतो, कारण मार्कडाउनमध्ये मधेच सरळ एचटीएमएल लिहिलेलं चालतं आणि कन्व्हर्टर ते जसंच्या तसं पुढे ढकलतो. कोणी त्यातून स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, घुसवली तर ती पान उघडणाऱ्याच्या फोनवर चालते. कन्व्हर्टरमध्ये कच्चं एचटीएमएल बंद करायचा पर्याय असेल तर तो लावायचा. वर, निघालेला कोड गाळणीतून काढायचा, ज्यात परवानगी असलेले मोजके टॅगच पुढे जातात आणि लिंकमध्ये लपवलेल्या स्क्रिप्टही अडतात. आधी गाळून मग बदलायचं नाही, क्रम उलटा. खुणांमधून टॅग तयार होतात ते बदलल्यानंतरच.

राहिली तक्त्यांची गोष्ट, कारण बाजारभाव म्हटला की तक्ता आलाच. मूळ मार्कडाउनमध्ये तक्ता नाही, कॉमनमार्कमध्येही नाही. गिटहब या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळाच्या मार्कडाउनमध्ये उभ्या रेघांनी रकाने पाडायची सोय आहे आणि बरेच कन्व्हर्टर ती ओळखतात. त्यात एका खान्यात एकच ओळ मावते आणि खाने जोडता येत नाहीत. कापूस, तूर, सोयाबीन, आणि समोर किमान-कमाल दर, एवढं सुटसुटीत असेल तर बसतं. पाच बाजार समित्या आणि आठ दिवसांचे भाव एकाच तक्त्यात कोंबायचे असतील तर मोबाइलवर तो तसाही वाचता येत नाही. मी दर समितीला एक पोटमथळा देतो आणि खाली तीन ओळींची यादी करतो.